सॅलमँडर आणि मार्टेन: ओली कातडी आणि दाट केस

आमची सोसायटी ठाण्यात येऊरच्या पायथ्याशी, उपवन तलावापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. मागच्या बाजूला थोडे चालले की संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे जंगल सुरू होते, त्यामुळे सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर प्राण्यांची छायाचित्रे येणे ही नेहमीची गोष्ट आहे. गेल्या जुलैत एकाच आठवड्यात अशी दोन छायाचित्रे आली. पहिले तळमजल्यावरच्या काकूंनी टाकले होते. कुंडीच्या कडेला बसलेला, चकचकीत तपकिरी अंगाचा, लांब शेपटीचा आणि चार आखूड पायांचा एक प्राणी त्यात होता, आणि त्यांच्या नातवाने मोबाइलवर शोधून त्याखाली ‘सॅलमँडर’ असे लिहिले होते. दुसरे छायाचित्र रात्री गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळ काढलेले होते. लांबट अंग, आखूड पाय, लांब शेपटी आणि विजेरीच्या उजेडात चमकणारे डोळे एवढेच त्यात दिसत होते, आणि कोणीतरी त्याला ‘मार्टेन’ ठरवले होते. दोन्ही नावे चुकीची होती. पहिला प्राणी सापसुरळी होती आणि दुसरा कांडेचोर, ज्याला आपण उदमांजरही म्हणतो.

मी अनेक वर्षे शाळेत जीवशास्त्र शिकवले असल्यामुळे पुढचा प्रश्न माझ्याकडे आला. खरा सॅलमँडर आणि खरा मार्टेन कसे असतात, दोघांत फरक काय, आणि ते आपल्याकडे का दिसत नाहीत? मुलांच्या चित्रांच्या पुस्तकात हे दोघे ‘जंगलातले प्राणी’ या एकाच पानावर शेजारीशेजारी बसलेले असतात, त्यामुळे प्रश्न साहजिक होता. दोन ओळींत त्याचे उत्तर देणे मला जमले नाही, आणि देणे योग्यही वाटले नाही.

सुरुवात नात्यापासून करावी लागते. सॅलमँडर हा उभयचर प्राणी आहे. उभयचरांचे आज जगात तीन गण उरले आहेत: बेडूक आणि भेक यांचा एक, शेपटी असलेल्या सॅलमँडरांचा दुसरा, आणि पाय नसलेल्या, गांडुळासारख्या दिसणाऱ्या देवगांडुळांचा तिसरा. सॅलमँडरांच्या ८०० हून अधिक जाती आहेत. त्यांपैकी ज्या आयुष्याचा मोठा भाग पाण्यात काढतात त्यांतल्या काहींना न्यूट म्हणतात, पण न्यूटही सॅलमँडरच होत. मार्टेन हा सस्तन प्राणी आहे. मांसभक्षी गणातल्या ज्या कुलात पाणमांजर, बॅजर आणि वीझल येतात, त्याच कुलातला हा एक लहान वंश आहे आणि त्यात जेमतेम सात-आठ जाती आहेत. म्हणजे ‘सॅलमँडर’ हे एका मोठ्या गावाचे नाव आहे आणि ‘मार्टेन’ हे त्या मानाने एका वाड्याचे. दोघांची तुलना करताना ही गोष्ट विसरली की गोंधळ होतो, कारण कोणत्याही एका सॅलमँडरबद्दल खरी असलेली गोष्ट दुसऱ्याबद्दल खरी असेलच असे नाही. मेक्सिकोतल्या थोरियस वंशातले सर्वांत लहान सॅलमँडर शेपटीसह तीन सेंटिमीटरही भरत नाहीत, आणि चीनमधला महाकाय सॅलमँडर १.८ मीटरपर्यंत वाढू शकतो. मार्टेनांमध्ये अशी तफावत नाही. घरातल्या मांजराच्या अंगाने, पण तिच्यापेक्षा सडपातळ आणि बुटका, असे कोणत्याही मार्टेनचे वर्णन चालते.

आता भावकीचा विचार करू. उभयचरांची शाखा आणि बाकीच्या चार पायांच्या प्राण्यांची शाखा सुमारे ३५ कोटी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. त्या दुसऱ्या शाखेतूनच पुढे सरडे, साप, कासवे, पक्षी आणि सस्तन प्राणी आले. याचा एक परिणाम मुलांना सांगितला की ती नेहमी थबकतात: काकूंच्या कुंडीवरची सापसुरळी ही सॅलमँडरपेक्षा मार्टेनची अधिक जवळची नातेवाईक आहे. दिसायला ती सॅलमँडरसारखी आहे, पण वंशावळीत ती मार्टेनच्या, कावळ्याच्या आणि आपल्या बाजूला बसते. या दुसऱ्या शाखेने अंड्याभोवती अशी आवरणे तयार केली की गर्भाला स्वतःचे छोटे तळे आतच मिळाले, आणि त्यामुळे पिलांसाठी पाणवठ्यावर परतण्याची गरज संपली. सॅलमँडरांनी हे कधीच केले नाही. त्यांचे अंडे जेलीच्या गोळ्यासारखे असते आणि ते ओलाव्याबाहेर काही तासांत सुकून जाते.

गच्चीवरच्या चुकीतही असेच काहीसे घडले आहे. कांडेचोर आणि मार्टेन दोघेही मांसभक्षी गणातले आहेत, पण हा गण फार पूर्वी दोन शाखांत विभागला गेला. एका शाखेत मांजरे, वाघ, मुंगूस, तरस आणि कांडेचोर आले, तर दुसऱ्या शाखेत कुत्रे, अस्वले, सील आणि मार्टेनचे कुल. त्यामुळे कांडेचोर मांजराच्या घरचा आणि मार्टेन कुत्र्या-अस्वलाच्या घरचा. महाराष्ट्रात मार्टेनच्या कुलातला प्राणी पाहायचा असेल तर नदीकाठचे पाणमांजर पाहता येते. आपल्या भाषेने इथे थोडी सरमिसळ करून ठेवली आहे, कारण ऊद हे पाणमांजराचे जुने नाव आणि उदमांजर मात्र कांडेचोराला म्हणण्याचा प्रघात पडला.

एवढे नाते समजले तरी प्राणी समजत नाही. मला स्वतःला या दोघांतला खरा फरक कातडीपासून सांगणे सर्वांत सोपे वाटते, कारण बाकीचे जवळजवळ सगळे फरक तिथूनच निघतात.

सॅलमँडरची कातडी उघडी असते. तिच्यावर ना खवले, ना केस, ना पिसे. ती पातळ, मऊ आणि श्लेष्मल द्रवाने ओलसर राहणारी असते, आणि तिच्याखाली सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. हवेतला प्राणवायू या ओलाव्यात विरघळतो आणि थेट रक्तात जातो. कार्बन डायऑक्साइड त्याच वाटेने बाहेर पडतो. सॅलमँडरांच्या सर्वांत मोठ्या कुलातल्या प्राण्यांना, म्हणजे एकूण जातींपैकी निम्म्याहून अधिक जातींना, फुप्फुसेच नाहीत. ते पूर्णपणे कातडीने आणि तोंडाच्या आतल्या अस्तराने श्वास घेतात. जमिनीवर राहणाऱ्या पाठीच्या कण्याच्या प्राण्याने फुप्फुसे सोडून द्यावीत, ही गोष्ट मी कितीतरी वेळा शिकवली आहे आणि तरीही ती मला दर वेळी नवी वाटते. सॅलमँडर पाणीही तोंडाने पीत नाही. ओल्या जमिनीला अंग लावून बसला की कातडीतूनच पाणी आत शिरते.

या सोयीची किंमत आहे. ज्या कातडीतून पाणी आत येते तिच्यातून ते बाहेरही जाते. आपल्या घरातला मातीचा माठ आठवा. माठाच्या अंगातून पाणी झिरपते, त्याची वाफ होते आणि आतले पाणी गार राहते, पण माठ भरला नाही तर काही दिवसांत तो रिकामा होतो. सॅलमँडर म्हणजे चालता-फिरता माठ आहे. कोरड्या वाऱ्यात आणि उन्हात तो लवकर रिता होतो, म्हणून त्याचे सगळे आयुष्य ओलावा टिकवण्याभोवती फिरते. दिवसा तो कुजलेल्या ओंडक्याखाली, दगडाखाली, पालापाचोळ्यात दडलेला असतो आणि बाहेर पडतो तो रात्री, विशेषतः पावसाच्या रात्री. युरोपात काळ्या अंगावर पिवळे ठिपके असलेला फायर सॅलमँडर आहे. त्याच्या कातडीत आणि डोक्यामागच्या ग्रंथींत विष असते, आणि ते भडक ठिपके म्हणजे त्याला खाऊ पाहणाऱ्यांना दिलेली सूचना असते.

मार्टेनची कातडी या सगळ्याच्या उलट आहे. ती बंद आहे. तिच्यावर आत दाट मऊ लोकर आणि बाहेर लांब राठ केस अशी दुहेरी गोधडी असते, जी हिवाळ्यात आणखी दाट होते. युरोपातल्या पाइन मार्टेनच्या तळपायांवरही हिवाळ्यात दाट केस येतात, त्यामुळे बर्फावर पाय रुतत नाहीत आणि गारठतही नाहीत. गळ्याखाली पिवळसर पांढरा पट्टा असतो, ज्यावरून मार्टेन पटकन ओळखता येतो. ही कातडी श्वास घेत नाही आणि पाणीही पीत नाही. तिचे मुख्य काम उष्णता आत कोंडून ठेवणे हे आहे, कारण मार्टेन आपली उष्णता स्वतः तयार करतो.

इथे दोघांचा जगण्याचा हिशेब पूर्णपणे वेगळा होतो. सॅलमँडरच्या अंगाचे तापमान आजूबाजूच्या मातीइतके असते. शरीर गरम ठेवण्यावर त्याला काहीच खर्च करावा लागत नाही, त्यामुळे तो अगदी थोड्या अन्नावर चालतो आणि खाल्लेल्या अन्नाचा मोठा भाग वाढीला लावतो. किडे, गोगलगाई, गांडुळे, कोळी जे समोर येईल ते तो खातो आणि मग कितीतरी दिवस उपाशी राहू शकतो. बाल्कन प्रदेशातल्या गुहांत ओल्म नावाचा फिक्या रंगाचा, दृष्टी गमावलेला सॅलमँडर राहतो. बोस्निया आणि हर्जेगोव्हिनामधल्या एका गुहेत अभ्यासकांना असा एक ओल्म २,५६९ दिवस, म्हणजे सात वर्षे, एकाच जागी आढळला.

मार्टेनला असे करता येणार नाही. त्याचे शरीर लांबट आणि सडपातळ आहे. बिळात, ढोलीत आणि फांद्यांमध्ये शिरण्यासाठी हा आकार उत्तम आहे, पण उष्णता टिकवण्यासाठी वाईट, कारण गोळा होऊन बसलेल्या प्राण्यापेक्षा लांबट प्राण्याच्या अंगातून उष्णता जास्त निसटते. थंड जंगलात, शीतनिद्रा न घेता, तो हिवाळाभर शिकार करत राहतो. उंदीर, खारी, पक्षी, अंडी, बेडूक, किडे, मध आणि शरद ऋतूत मोठ्या प्रमाणात रानफळे असा त्याचा आहार असतो. मांसभक्षी गणातला असूनही फळांवर इतका अवलंबून असणारा हा प्राणी बिया दूरवर पसरवतो, ही त्याची जंगलाला होणारी मोठी मदत आहे. त्याची चाल पाहण्यासारखी असते. नख्या अर्धवट आत घेता येतात, मागच्या पायाचा घोटा फिरवता येतो, आणि त्यामुळे तो झाडावरून डोके खाली करून उतरतो. मांजराला हे नीट जमत नाही, हे झाडावर अडकलेले मांजर ज्यांनी पाहिले आहे त्यांना सांगायला नको.

जंगलात दोघांपैकी अधिक महत्त्वाचा कोण, असा प्रश्न मुले हमखास विचारतात. दिसण्यावरून उत्तर दिले तर ते मार्टेनच्या बाजूने जाईल. पण अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यातल्या हबर्ड ब्रुक या जंगलात अभ्यासकांनी जमिनीवरच्या प्राण्यांचे एकूण वजन काढले आणि ते १९७५ मध्ये प्रसिद्ध केले. तिथे सॅलमँडरांचे एकत्रित वजन विणीच्या हंगामातल्या सगळ्या पक्ष्यांच्या वजनाच्या सुमारे दुप्पट भरले, आणि उंदीर-चिचुंद्र्यांसारख्या लहान सस्तन प्राण्यांच्या वजनाच्या जवळपास. फिरायला येणाऱ्यांना ज्यांतला एकही कदाचित दिसणार नाही असे हे प्राणी जंगलाच्या जमिनीत इतके भरलेले होते. हे शक्य होते कारण उष्णतेचा खर्च नाही. जेवढ्या अन्नावर एक मार्टेन जेमतेम काही दिवस काढील, तेवढ्यात असंख्य सॅलमँडर आपली वाढ करून घेतात आणि मग स्वतः इतरांचे अन्न होतात. मार्टेन जंगलात थोडेच असतात, प्रत्येकाला फिरायला मोठे क्षेत्र लागते, आणि त्यांचा प्रभाव वेगळ्या प्रकारचा असतो. आयर्लंडमध्ये अमेरिकेतून आणलेल्या करड्या खारींनी स्थानिक तांबड्या खारींना हुसकावले होते. पाइन मार्टेनची संख्या पुन्हा वाढू लागली त्या भागांत करड्या खारी कमी झाल्या आणि तांबड्या परत आल्या, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. एक प्राणी संख्येने जंगल चालवतो, दुसरा वजन न टाकता तोल बदलतो. यांतले मोठे कोणते हे ठरवण्याचा प्रयत्न मी सोडून दिला आहे.

पिलांच्या बाबतीत दोघांनीही वेळेशी विलक्षण खेळ केला आहे. पाइन मार्टेनचे मीलन जुलै-ऑगस्टमध्ये होते, पण पिले जन्मतात पुढच्या मार्च-एप्रिलमध्ये. एवढ्या लहान प्राण्याला आठ महिन्यांची गर्भधारणा लागत नाही. होते असे की फलित अंडे थोडे वाढते आणि गर्भाशयात न रुजता तसेच थांबून राहते. हिवाळा सरत आला आणि दिवस लांबू लागले की शरीराला इशारा मिळतो, गर्भ रुजतो आणि मग खरी वाढ साधारण एका महिन्यात पूर्ण होते. बियाणे कणगीत जपून ठेवावे आणि पावसाचा अंदाज पाहून पेरावे, तसे हे आहे. मीलन उन्हाळ्यात, जेव्हा नर आणि मादी दोघेही धडधाकट असतात, आणि जन्म वसंतात, म्हणजे पिलांना पहिल्या हिवाळ्यापूर्वी मोठे व्हायला पुरेसे महिने मिळतात.

बहुतेक सॅलमँडरांमध्ये नर शुक्राणूंची एक लहानशी पुडी जमिनीवर किंवा पाण्याच्या तळाशी ठेवतो आणि मादी ती उचलून घेते. नंतर अनेक जाती पाण्यात अंडी घालतात, त्यांतून गळ्याशी पिसांसारख्या बाहेर आलेल्या कल्ल्यांची पिले निघतात, आणि पुढे कल्ले जाऊन पाण्याबाहेरचे आयुष्य सुरू होते. फायर सॅलमँडरची मादी अंडी पोटातच सांभाळते आणि कल्ले असलेली पिले ओढ्यात सोडते. आल्प्स पर्वतात उंचावर राहणारा काळा अल्पाइन सॅलमँडर तर पाण्यावरचे अवलंबन पूर्ण तोडतो. त्याची मादी दोन ते तीन वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ गर्भ वाढवते आणि साधारण दोनच, पूर्ण वाढलेली पिले जन्माला घालते. इथला विलंब मार्टेनसारखा थांबवून ठेवलेला नाही. थंडीमुळे गर्भाची वाढच इतकी सावकाश होते. आयुष्याच्या लांबीतही तोच संथपणा दिसतो. पाळलेला फायर सॅलमँडर ५० वर्षांहून अधिक जगल्याची नोंद आहे, तर पाळलेला मार्टेन १७-१८ वर्षे जगला तरी खूप झाले.

सॅलमँडरांची एक क्षमता मात्र मार्टेनकडे, किंवा कोणत्याच सस्तन प्राण्याकडे, त्या प्रमाणात नाही. तुटलेला पाय ते हाड, स्नायू, नसा आणि बोटांसह पुन्हा उगवू शकतात. इटलीतल्या लाझारो स्पालान्झानी यांनी ही गोष्ट १७६८ मध्ये नोंदवली. आपली पालही शेपूट पुन्हा वाढवते, पण त्या नव्या शेपटीत मणक्यांऐवजी कूर्चेची नळी असते. सॅलमँडरचा नवा पाय मात्र पूर्वीसारखाच असतो. जखमेवर कातडीचे टोपण बसते, त्याखाली आसपासच्या पेशी आपले जुने काम बाजूला ठेवून एक कोंब तयार करतात, आणि त्या कोंबातून पाय आकाराला येतो. मेक्सिको शहरातल्या सोचिमिल्को इथल्या कालव्यांत राहणारा ॲक्सोलोटल हा सॅलमँडर याच अभ्यासासाठी जगभरच्या प्रयोगशाळांत वाढवला जातो. तो आयुष्यभर बाल्यावस्थेतच, कल्ल्यांसह पाण्यात राहतो आणि त्याच अवस्थेत प्रजननही करतो. २०१८ मध्ये त्याच्या जनुकसंचाचा आराखडा प्रसिद्ध झाला, तेव्हा तो माणसाच्या संचाच्या सुमारे दसपट मोठा असल्याचे दिसले. प्रयोगशाळांत इतका विपुल असलेला हा प्राणी आपल्या मूळ कालव्यांत मात्र जवळजवळ संपला आहे.

कातडीने दोघांबद्दल समजुती आणि संकटे दोन्ही निर्माण केली. जुन्या युरोपात सॅलमँडर आगीत जळत नाही, उलट आग विझवतो, असे मानत. रोमन लेखक प्लिनी यानेही त्याच्या थंड अंगाने आग विझते असे लिहून ठेवले. कारण साधे असावे: ओलसर ओंडक्यात दडलेला सॅलमँडर तो ओंडका चुलीत घातल्यावर जीव वाचवायला बाहेर येई, आणि पाहणाऱ्याला तो ज्वाळांतून जन्मल्यासारखा वाटे. पुढे न जळणाऱ्या ॲसबेस्टॉसच्या कापडालाही सॅलमँडरचे कापड म्हणू लागले, आणि ते कोणत्याही प्राण्याचे नसून खाणीतून निघणाऱ्या पदार्थाचे आहे, हे मार्को पोलोला आवर्जून सांगावे लागले.

मार्टेनच्या कातडीबद्दल अशी दंतकथा लागली नाही, कारण तिला थेट बाजारभाव होता. क्रोएशियात मध्ययुगात कर मार्टेनच्या कातड्यांत भरत, आणि त्यावरूनच त्या देशाच्या चलनाला ‘कुना’, म्हणजे मार्टेन, हे नाव मिळाले. हे चलन १ जानेवारी २०२३ रोजी युरो येईपर्यंत चालू होते, आणि आजही तिथल्या एक युरोच्या नाण्यावर मार्टेन आहे. सायबेरियातल्या सेबल या मार्टेनच्या कातडीचा लोभ रशियाच्या पूर्वेकडच्या विस्तारामागचे एक मोठे कारण होते. त्या जातीची संख्या इतकी घसरली की तिच्या रक्षणासाठी बैकल सरोवराच्या काठी बार्गुझिन अभयारण्य १९१७ मध्ये स्थापन करावे लागले. सॅलमँडरवर कातडीतूनच वेगळे संकट आले. नेदरलँड्समधले फायर सॅलमँडर अचानक मरू लागले, आणि २०१३ मध्ये त्याला कारणीभूत असलेल्या एका नव्या बुरशीचे वर्णन झाले. ही बुरशी सॅलमँडरची कातडी कुरतडते. ज्याच्या कातडीवर श्वास, पाणी आणि क्षार यांचा सगळा कारभार आहे, त्याला एवढे पुरते. ही बुरशी पूर्व आशियातून, बहुधा पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून पोहोचली. २०१६ मध्ये अमेरिकेने खबरदारी म्हणून सॅलमँडरांच्या २०१ जातींच्या आयातीवर बंदी घातली. मत्स्यालयाच्या दुकानातला सुंदर परदेशी प्राणी तलावात सोडून देणाऱ्यांनी ही घटना जरूर लक्षात ठेवावी, असे मला मनापासून वाटते. ठाणे तर तलावांचेच शहर आहे.

आता मूळ प्रश्न: हे दोघे आपल्याकडे का नाहीत? भारतात दोन्ही आहेत, फक्त ठाण्यात नाहीत. सॅलमँडर दार्जिलिंग, सिक्कीम आणि ईशान्येकडच्या काही डोंगरांत आढळतो. तपकिरी, पाठीवर गाठींच्या रांगा असलेला हा प्राणी पावसाळ्यात डबक्यांत आणि तळ्यांत प्रजनन करतो. पूर्व हिमालयातल्या या प्राण्याला २०१५ मध्ये स्वतंत्र जाती म्हणून ‘हिमालयन’ हे नाव मिळाले. दार्जिलिंग जिल्ह्यात जोरपोखरी इथे त्याच्यासाठी एक अगदी लहान अभयारण्य आहे. तो ठाण्यात नसण्याचे कारण ‘इथे उष्णता फार’ असे सांगितले जाते, पण ते पुरेसे नाही. मध्य अमेरिकेच्या उष्ण जंगलांत सॅलमँडर भरपूर आहेत, आणि येऊरच्या जंगलात तितक्याच ओल्या कातडीचे बेडूक पावसाळाभर नांदतात व उन्हाळ्यात चिखलात गाडून घेऊन तग धरतात. खरे कारण इतिहासात आहे. सॅलमँडर उत्तरेकडच्या भूखंडांवर विकसित झाले. भारतीय भूखंड दक्षिणेकडचा. तो मादागास्करपासून सुटून कोट्यवधी वर्षे बेटासारखा सरकत होता आणि सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी आशियाला धडकला. त्याच्यासोबत बेडूक आणि देवगांडुळे होती, सॅलमँडर नव्हते. ते नंतर ईशान्येच्या दाराशी आले आणि तिथेच थांबले.

मार्टेनची गोष्ट वेगळी आहे, आणि मला ती अधिक हुरहुर लावणारी वाटते. हिमालयात पिवळ्या गळ्याचा मार्टेन आणि बीच मार्टेन आहेत. त्यानंतर थेट पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाकडे, दक्षिण कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडूच्या डोंगरांत, निलगिरी मार्टेन आहे, जो जगात दुसरीकडे कुठेही नाही. गडद तपकिरी अंग, केशरी-पिवळा गळा, सुमारे दोन किलो वजन. मधल्या हजारो चौरस किलोमीटरमध्ये एकही मार्टेन नाही. अशा तुटलेल्या पसाऱ्याचे स्पष्टीकरण म्हणून १९४० च्या दशकात प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी सातपुड्याची कल्पना मांडली: हवामान आजच्यापेक्षा थंड आणि दमट होते तेव्हा सातपुडा-विंध्याच्या रांगांवरून ओल्या जंगलाची सलग वाट होती, त्या वाटेने हिमालयातले प्राणी सह्याद्रीत आले, आणि वाट सुकल्यावर ते दक्षिणेच्या गार डोंगरांत अडकले. या कल्पनेवर नंतर पुष्कळ वाद झाले. पण मार्टेनचे पूर्वज उत्तरेकडून आले आणि मागची दारे बंद झाली, हे तिचे मर्म आजही विचारात घ्यावे लागते. आज हा प्राणी असुरक्षित गणला जातो, कारण उंचावरची जंगले चहा-कॉफीच्या मळ्यांनी तुकड्यातुकड्यांत विभागली गेली आहेत. सॅलमँडर आणि मार्टेन दोघांनाही वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे.

म्हणून सोसायटीतल्या लोकांच्या चुका मला तितक्या चुकीच्या वाटल्या नाहीत. युरोपातला बीच मार्टेन घरांच्या माळ्यावर राहतो, रात्री छपरांवरून फिरतो, जर्मनीत मोटारींच्या तारा कुरतडतो; एप्रिल २०१६ मध्ये अशाच एका प्राण्याने वीजपुरवठ्याच्या जोडणीत शिरून जिनिव्हाजवळचा, सर्न या संशोधन संस्थेचा महाकाय कणवेगवर्धक काही दिवस बंद पाडला. ठाण्यात माळ्यावर, गच्चीवर आणि आंब्याच्या झाडावर हाच उद्योग कांडेचोर करतो. वेगळ्या घराण्यांतल्या प्राण्यांनी सारख्या कामासाठी सारखा आकार घेतला. सॅलमँडरचे काम येऊरच्या पाचोळ्यात लहान बेडूक आणि सापसुरळ्या करतात. ओळखायचे असेल तर तीन गोष्टी पाहाव्यात: अंगावर खवले आहेत का, बोटांना नख्या आहेत का, आणि डोळ्यामागे कानाचे छिद्र दिसते का. तिन्ही असतील तर ती सापसुरळी. सॅलमँडरला खवले नसतात, कानाचे छिद्र नसते, खऱ्या नख्याही नसतात, आणि पुढच्या पायांना बहुधा चारच बोटे असतात. सापसुरळी विषारी नसते, एवढे या निमित्ताने सांगणे मला आवश्यक वाटते, कारण त्या समजुतीपायी ती उगाच मारली जाते.

काकूंनी हे सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “मग सॅलमँडरच्या नात्यातला, बेडूक सोडून, आपल्याकडे कुणीच नाही का?” आहे. सह्याद्रीत आणि कोकणात देवगांडूळ आहे, पाय नसलेले, अंगावर वळ्या असलेले, ओल्या मातीत राहणारे, ज्याची मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून बसते. पहिल्या पावसात शेत खणताना ते वर येते आणि साप समजून मारले जाते. काकूंचे माहेर चिपळूणजवळचे. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या की लहानपणी त्यांनी असे काहीतरी परसात पाहिले होते, आणि वडिलांनी ते फावड्याने उचलून ओढ्याकाठी नेऊन ठेवले होते.